दोघींची मिळून तपासणी

धाकटी सत्तरीला आली तरी धाकटीच राहिली, आणि याला कारण अक्का. अक्का त्या घरात आधी आल्या, थोरल्या भावाची बायको म्हणून. काही वर्षांनी दिराचं लग्न झालं, नवी जाऊ आली आणि पहिल्याच सकाळी चहात साखर घालायला विसरली. अक्कांनी एक घोट घेतला आणि दिराला म्हणाल्या, "भावजी, बायको गोड आहे म्हणून चहाही गोड असेल असं समजू नका हं." सगळे हसले. धाकटी हसली नाही. तेव्हापासून दोघी भांडत आल्या, आणि त्या भांडणावर पुढे त्यांचं दुकानही चाललं.

दुकान होतं दोरे, बटणं आणि अस्तराचं. चौकाच्या कोपऱ्यावर, एका बाजूला बेकरी आणि दुसऱ्या बाजूला चपला दुरुस्त करणारा. मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत लाकडी खण, आणि प्रत्येक खणात एकेका रंगाच्या सगळ्या छटांची रिळं. गावातले शिंपी गिऱ्हाइकाला कापडाचा तुकडा देऊन सांगायचे, "अक्कांकडे जा." अक्का तुकड्याकडे एकदा बघायच्या, हात मागे न्यायच्या आणि नेमकं रीळ काढायच्या. दुसरे दुकानदार म्हणत, बाहेर उजेडात नेऊन बघा. अक्का म्हणत, "कुठेही नेऊन बघा." किरमिजी आणि डाळिंबी यांच्या मधला जो रंग आहे, ज्याला नाव नाही, तोसुद्धा त्यांच्याकडे होता. लोक त्यांच्या डोळ्यांबद्दल गवयाच्या गळ्याबद्दल बोलावं तसं बोलत.

आधी अक्कांचे यजमान गेले, मग धाकटीचे. दुकान दोघी जावांनी ओढलं. अक्कांना मूल नव्हतं. धाकटीचा एकुलता मुलगा दोघींच्या हाताखाली वाढला आणि दोघींचा मार खाऊन मोठा झाला. तो धाकटीला आई म्हणायचा आणि अक्कांना मोठ्याई.

मग अक्कांचे डोळे गेले. एका दिवसात गेले नाहीत, पुरतं आंधळेपणही आलं नाही. ज्या गोष्टीकडे बघावं तिचा मधला भाग नाहीसा व्हायचा, कडा तेवढ्या राहायच्या. डॉक्टर म्हणाले, एवढंच राहील, गेलेलं परत येणार नाही. माणूस दिसे, त्याचा चेहरा दिसत नसे. रंग धुऊन निघाल्यासारखे झाले. त्याच सुमाराला धाकटीचे कान गेले. तिला यंत्र आणून दिलं होतं, पण ते शिट्टी मारतं म्हणून तिने कपाटात ठेवलं. "घरात एक कर्कश बाई आहे, दुसरी कशाला?" असं तिचं म्हणणं.

तरीही दुकान दोन वर्षं तसंच चाललं, आणि गिऱ्हाइकांना काही कळलं नाही. गिऱ्हाईक काय मागतंय ते अक्का ऐकत. मग धाकटीकडे तोंड करून, ओठ पुरते उघडून ओरडत, "अगं, कोटाच्या अस्तराला दोरा मागतायत या! माणसाशी बोलतेय का भिंतीशी?" धाकटी ओठ वाचायची, कापड हातात घ्यायची आणि कुरकुरायची, "ओरडायला काय झालं? शेवाळी तर आहे. जरा पिवळ्याकडे झुकतोय. तिसऱ्या खणात, खालच्या बाजूला." अक्कांचा हात तिसऱ्या खणात, खालच्या बाजूला. लोकांना वाटे, म्हातारपणी जावांची तोंडं सुटलीत. पण त्या भांडणात एक शब्द वाया जात नव्हता.

शेवटी गुडघ्यांनी दुकान बंद पाडलं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगा गोदामात, सून शाळेत. दिवसभर या दोघी एकट्या. एकदा अक्कांनी उकळतं पाणी कपाऐवजी स्वतःच्या मनगटावर ओतलं. त्याच आठवड्यात धाकटी न्हाणीघरात कडी लावून पाय घसरून पडली. मुलगा दार ठोठावत होता, आत तिला काही ऐकू जात नव्हतं, आणि शेजाऱ्याने कडी उखडली तेव्हा ती जमिनीवर बसून शांतपणे म्हणाली, "एवढे सगळे का जमलेत?"

त्या रात्री जेवताना विषय अक्कांनीच काढला.

"आपण जागा बघू. जिथे मदतीला माणूस असतं तसली."

मुलाचा घास हातातच राहिला. "मोठ्याई, लोक काय म्हणतील?"

"लोक तीन जिने चढून मला गोळी द्यायला येणार आहेत का? मग म्हणू देत."

"काय म्हणाल्या?" धाकटीने विचारलं.

"तुला विकायला काढलंय!" अक्का तिच्याकडे तोंड करून म्हणाल्या.

"कोण घेतंय?" धाकटीने भात कालवत विचारलं.

जागा बघायला मुलाला त्यांनी येऊ दिलं नाही. "तू रडशील आणि पहिलीच पसंत करून मोकळा होशील." सुनेला घेतलं, कारण ती कमी बोलायची आणि तिला बसचे नंबर पाठ होते.

पहिली जागा काचेची. दाराशी कारंजं, आत एक गोड बोलणारे गृहस्थ. ते प्रत्येक गोष्टीला "हे बघा" म्हणत आणि अक्का आवाजाच्या दिशेने मान डोलवत. त्यांचे प्रश्न मात्र मोजके होते. रात्री बेल वाजवली तर कोण येतं? एकच माणूस किती जणांना बघतं? एखाद्या दिवशी मला अंघोळ करायची नसली तर चालतं का? गृहस्थ प्रत्येक वेळी म्हणाले, "त्याची काही काळजी करू नका." जेवणाच्या वेळी त्यांनी तिघींना भोजनगृहात नेलं. अक्का थोडा वेळ दाराशी उभ्या राहिल्या आणि मागे वळल्या.

"इतकी माणसं जेवतायत आणि नुसता चमच्यांचा आवाज," बसस्टॉपवर त्या म्हणाल्या. "मला नाही इथे यायचं."

"कारंजं किती छान होतं," धाकटी म्हणाली.

"कारंज्याशी गप्पा मारणार आहेस?"

दुसरी जागा बस डेपोच्या मागे होती. दोन मजले, रुंद पायऱ्या, दोन्हीकडच्या भिंतींना लाकडी कठडा. जेवणघरात दोन म्हातारे खिडकी उघडी असावी की बंद यावरून कडाकडा भांडत होते आणि तिसऱ्या बाई दोघांनाही मूर्ख म्हणत होत्या. अक्कांचा चेहरा खुलला. "भांडायला जीव लागतो," त्या सुनेच्या कानात म्हणाल्या. "इथली माणसं जिवंत आहेत."

तिथल्या पर्यवेक्षिका पन्नाशीच्या, मऊ बुटांच्या, घाईत असूनही घाई न दाखवणाऱ्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं. वरच्या मजल्यावर आपलं आपण करणारे राहतात. त्यांना जेवण आणि साफसफाई मिळते. खालच्या मजल्यावर ज्यांना अंघोळीला, गोळ्यांना, चालायला कुणाचा तरी हात लागतो ते. आणि जे अंथरुणालाच खिळले त्यांच्यासाठी रस्त्यापलीकडे वेगळी इमारत, तिथे नर्स चोवीस तास. "आधी आम्ही तपासणी करतो," त्या म्हणाल्या, "मग कोण कुठे ते ठरतं."

एवढ्या सगळ्यातून अक्कांनी फक्त रस्त्यापलीकडची इमारत उचलली.

"त्यांना कळलं ना, की एकीला दिसत नाही आणि एकीला ऐकू येत नाही," बसमध्ये त्या म्हणाल्या, "की एक इथे आणि एक पलीकडे. डागी माल वेगळा काढतात. मी दुकान चालवलंय, मला शिकवू नका."

"तसं नसेल हो, मोठ्याई," सून म्हणाली. "आपण विचारू या ना त्यांना."

"विचारलं की कळतं. आणि कळलं की गेलं."

खरी गोष्ट एवढीच होती की अक्का धाकटीपासून लांब राहायला घाबरत होत्या. हे त्या मेल्या तरी बोलल्या नसत्या. शिवाय ज्या डोळ्यांसाठी लोक गावाच्या दुसऱ्या टोकाहून यायचे ते गेले, हे एका परक्या बाईसमोर कबूल करायचं? त्यापेक्षा फसवणं सोपं होतं. आठवडाभर स्वयंपाकघरात दोघींनी तालीम केली. सुनेने एकदा विरोध केला, तेव्हा दोन्ही सासवा पहिल्यांदाच एका बाजूला झाल्या आणि तिला गप्प बसवलं.

तपासणीच्या दिवशी पर्यवेक्षिकांना एकेकीशी बोलायचं होतं.

"जावा आहोत हो आम्ही," अक्का म्हणाल्या. "मागे काय सांगितलं यावरून वर्षभर महाभारत होईल. समोरासमोरच विचारा."

पर्यवेक्षिका हसल्या आणि तिथेच फसल्या. त्यांनी टेबलावर डब्या मांडल्या आणि अक्कांना विचारलं, "यातली सकाळच्या गोळ्यांची कुठली? वर लिहिलंय."

"अगं," अक्का धाकटीवर खेकसल्या, "बाईंनी सकाळच्या गोळ्या मागितल्यात, डबी पुढे कर की! नुसती बसलीय फोटो काढायला बसल्यासारखी."

"तुमच्या उजव्या हाताशी तर आहे ती पांढरी डबी," धाकटी फणकारली. "स्वतःच्या हाताने घेता येत नाही? सगळं मीच करायचं."

अक्कांनी उजव्या हाताची डबी उचलली. पुढे पर्यवेक्षिका खिडकीकडे वळून, पाठमोऱ्या राहून धाकटीला म्हणाल्या, "रात्री झोप लागते का तुम्हाला?" धाकटी निवांत हसत बसली. टेबलाखाली अक्कांचा पाय तिच्या पायावर पडला.

"सांग की झोपेचं! लाजतेस काय नव्या नवरीसारखी?"

"मेल्यासारखी झोपते मी," धाकटी म्हणाली. "यांचं तोंड बंद असलं तर."

दोघी पहिल्या वर्गात पास झाल्या. वरचा मजला मिळाला. एक आठवडा राहून बघा, आवडलं तर पुढचं बोलू, असं ठरलं. फक्त वर दोनच खोल्या रिकाम्या होत्या, एक पूर्वेच्या टोकाला आणि एक पश्चिमेच्या. अक्कांना शेजारशेजारच्या हव्या होत्या. पण का हव्यात, याचं उत्तर देता आलं नसतं.

"चालेल," त्या म्हणाल्या. "मजला तर एकच आहे."

धाकटी परतीच्या वाटेवर कॉपी करून पास झालेल्या मुलीसारखी खुशीत होती. अक्का खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

पहिले दोन दिवस निभावले. सकाळी धाकटी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला यायची, अक्कांच्या हातावर गोळी ठेवायची, त्यांच्या जाकिटाची बटणं बरोबर लागलीत का बघायची, आणि कुणी भेटलं की मोठ्याने म्हणायची, "यांना एकटं करमत नाही, काय करू!" अक्का कठड्यावर हात ठेवून जेवणघरापर्यंत जायच्या. ताटात काय आहे ते वासावरून ओळखायच्या आणि चुकलं तर तसंच खायच्या.

आगीच्या घंटेचा सराव या आठवड्यात कधीतरी होईल, असं आधी सांगून ठेवलं होतं. घंटा वाजली ती जेवणानंतर, सगळे आडवे झाले असताना. सराव की खरंच आग, हे कसं कळणार? दारं उघडली, माणसं जिन्याकडे निघाली. कुणीतरी अक्कांना म्हणालं, "बाई, इकडून चला." अक्का वळल्या त्या उलट्या दिशेला. धाकटीच्या कानावर ती घंटा पडणार नव्हती, हे त्या अख्ख्या इमारतीत त्यांना एकटीलाच माहीत होतं.

कठडा धरून त्या पश्चिमेकडे चालत राहिल्या. समोरून येणाऱ्यांचे धक्के बसले. कठडा संपला. मग दारंच दारं, सगळी सारखी. हाका मारून तर उपयोगच नव्हता. एक दार ढकललं, आत कुणाचा तरी रेडिओ चालू. दुसरं ढकललं, अंधार, आणि मागे दार आपोआप मिटलं.

खाली अंगणात दोन माणसं कमी भरली. पर्यवेक्षिका स्वतः वर आल्या. पश्चिमेच्या शेवटच्या खोलीत धाकटी दाराकडे पाठ करून बसली होती, झग्याला बटण लावत. आणि तिच्या शेजारच्या दाराआड कुणीतरी हातांनी चाचपडत "धाकटे! अगं धाकटे!" म्हणून जिवाच्या आकांताने ओरडत होतं. पर्यवेक्षिकांनी धाकटीच्या खांद्याला हात लावून तिला उठवलं आणि ते दार उघडलं. ती चादरींची कोठी होती. अक्का चादरींच्या थप्पीला धाकटी समजून तिचे खांदे शोधत होत्या.

धाकटी पाठोपाठ आली. तिला एका नजरेत सगळं कळलं, आणि तिने शेवटचा प्रयत्न केला.

"चादरी बघायला आल्या असतील," ती पर्यवेक्षिकांना म्हणाली. "अक्कांना कापडाची फार आवड."

"हो का, अक्का?" पर्यवेक्षिकांनी विचारलं. रागाने विचारलं नाही. हो म्हणायला जागा ठेवून विचारलं.

अक्कांचे केस सुटले होते, धाप लागली होती. हो म्हटलं असतं तर खपलंही असतं. धाकटी मागून सावरायला उभीच होती. त्यांनी हात पुढे केला, धाकटीचं मनगट सापडलं, ते घट्ट धरलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मला दिसत नाही. मधलं सगळं गेलंय. तुमचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही. आणि ही ठार बहिरी आहे. तुमची घंटा संध्याकाळपर्यंत वाजली असती तरी हिने बटणच लावलं असतं. तपासणीत आम्ही तुम्हाला फसवलं. म्हणजे मी फसवलं; ही मी सांगितलं तसं वागली."

धाकटी त्यांच्या ओठांकडे बघत होती. "अक्का! काय सांगताय? गप्प बसा."

"बसलेच होते," अक्का तिच्याकडे वळून, तिला कळेल अशा सावकाशीने म्हणाल्या. "मी गप्प बसले आणि तू आत जळून गेली असतीस."

ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांना रंग दाखवले, तिने एवढं बोलायला किती बळ एकवटलं असेल ते धाकटीलाच ठाऊक. तिने भांडण केलं नाही. अक्कांचे सुटलेले केस गोळा करून मागे बांधू लागली.

"आता पाठवा त्या पलीकडच्या इमारतीत," अक्का म्हणाल्या. "पण दोघींना पाठवा. एकीला ठेवून एकीला नको."

"तिकडे कशाला?" पर्यवेक्षिका चादरींच्या थप्पीवरच बसल्या. "अहो, तिथे अंथरुणावरून न उठणारे असतात. दिसत नाही, ऐकू येत नाही, हात लागतो, यासाठीच तर खालचा मजला आहे. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर तिथेच दिली असती जागा."

इतके दिवस ज्याला भ्यायलो ते नव्हतंच, हे ऐकून माणूस आधी खूश होत नाही, ओशाळतं.

"मला वाटलं डागी माल..."

"मी दुकान चालवत नाही," पर्यवेक्षिका म्हणाल्या. "चूक माझीही झाली. एकेकीलाच बोलवायला हवं होतं. पण तुमचं भांडण ऐकण्यात मी रमले."

"सगळेच रमतात," धाकटी म्हणाली. हे तिने ओठांवरून नेमकं टिपलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघींची पुन्हा तपासणी झाली, या वेळी वेगवेगळी. धाकटी एकटी आत गेली तेव्हा अर्धा वेळ तिने अक्कांना काय काय लागतं तेच सांगितलं. शेवटी पर्यवेक्षिकांनी तिच्या समोर बसून, ओठ दिसतील असं विचारलं, "आणि तुम्हाला?" तेव्हा ती म्हणाली की कपाटातलं यंत्र पुन्हा नीट बसवून मिळालं तर ती घालेल, घंटेबरोबर खोलीत दिवा लागला तर बरं, आणि बोलताना कुणी तोंडासमोर हात धरू नये. अक्कांना मात्र हा प्रश्न जड गेला. मदत काय हवी, हे त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं आणि विचारू देण्याची त्यांची पद्धतही नव्हती. त्यांनी मांडीवरचा पदर सारखा केला.

"अंघोळीला नको," त्या म्हणाल्या. "कपडे माझे मी घालीन. गोळ्या द्या. ताटात काय कुठे वाढलंय ते एकदा सांगा. एकदाच, लहान मुलाला सांगतात तसं पुन्हा पुन्हा नको." मग पदर पुन्हा सारखा करून, "आणि जिन्यावर हात द्या. जिन्याची मला भीती वाटते."

खाली एक मोठी जोडखोली होती, पण ती नवरा-बायकोंसाठी राखून ठेवायचा नियम होता. "आमचे नवरे जितकी वर्षं आमच्याबरोबर राहिले त्याहून जास्त आम्ही एकमेकींबरोबर राहिलोय," अक्का म्हणाल्या. पर्यवेक्षिका नियम बाजूला ठेवायला तयार झाल्या, तर धाकटीच अडून बसली.

"मला नको एक खोली. या घोरतात."

"तुला ऐकू कुठे येतं?"

"पलंग हलतो."

मग शेजारशेजारच्या दोन खोल्या मिळाल्या. मुलगा आणि सून सामान घेऊन आले; मुलगा ठरल्याप्रमाणे रडला, दोघींनी त्याला एकाच वेळी दोन्ही बाजूंनी रागावलं आणि जेवूनच जा म्हणाल्या.

जेवणाच्या वेळेला अक्कांना न्यायला खालच्या मजल्याच्या मदतनीस बाई आल्या. त्यांनी अक्कांचा दंड पकडला आणि पेटी ओढावी तसं पुढे ओढलं. अक्का जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"तसं नाही," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुम्ही मला धरू नका. मी तुम्हाला धरते. तुमचा कोपर द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. तुम्ही वळलात की मला कळतं, थांबलात की कळतं."

"हे कुणी शिकवलं?" बाईंनी विचारलं.

"आत्ताच सुचलं. आजवर कुणाचा हात धरायला तयार नव्हते ना."

बाईंनी कोपर पुढे केला. अक्कांनी धरला. मागे धाकटी आपल्या खोलीला कुलूप लावत होती, पुन्हा उघडून बघत होती.

"तिला आवाज देऊ का?" बाई म्हणाल्या.

"देऊन बघा," अक्का म्हणाल्या. "नाहीतर चला सरळ. येईल ती. सूप गार होतंय."